घरखर्चातून सुटलेला रुपया कर्जापर्यंत कसा न्यायचा

आमच्या घरात काटकसर नवीन नव्हती. दुधाचे खाडे कॅलेंडरवर लिहिले जायचे, बाजारात जाताना पिशवी घरून नेली जायची, रिकाम्या बरण्या धुऊन ठेवल्या जायच्या. तरी क्रेडिट कार्डाची बाकी दोन वर्षांत चढत चढत १,२०,००० वर गेली. कारण कळायला मला बराच वेळ लागला. आम्ही वाचवत होतो, पण वाचलेले पैसे त्याच बचत खात्यात पडून राहायचे. खात्यात शिल्लक दिसली की कुणाला तरी काहीतरी आठवायचं आणि पंधरा दिवसांत ते पैसे दुसऱ्याच कशात तरी जायचे. कर्जाला त्यातला एक रुपयाही लागत नव्हता.

म्हणून या लेखात खर्च कुठे कमी करायचा याच्या इतकंच, कमी झालेला पैसा कर्जात कधी आणि कसा भरायचा हेही आहे. एक करून दुसरं केलं नाही, तर आमची दोन वर्षं गेली तशी तुमचीही जातील.

सुरुवात व्याजापासून

कार्डावरची बाकी १,२०,०००. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ४,२०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७५६ रुपये. झाले ४,९५६. आम्ही बिलावर छापलेली किमान रक्कम भरायचो, बाकीच्या साधारण पाच टक्के, म्हणजे ६,००० रुपये. भरले की महिनाभर डोक्यातून विषय जायचा. त्या सहा हजारांतले फक्त १,०४४ मुद्दलात जात होते.

आता हाच हिशोब पुढे न्या. कार्डावर नवीन काही न घेता दर महिन्याला ६,००० भरत राहिलं, तर कर्ज फिटायला ४३ महिने लागतात आणि एकूण साधारण २,५९,००० भरले जातात. ६,००० ऐवजी १२,००० भरले तर तेरा महिने आणि थोडे दिवस, एकूण साधारण १,५८,०००. घरखर्चातून महिन्याला सहा हजार जास्तीचे निघाले तर एक लाख रुपये आणि अडीच वर्षं वाचतात. हा आकडा मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावला. रोज रात्री 'आज बाहेरून मागवू या' म्हणण्याआधी तो दिसायचा.

तुमच्या कार्डाचा दर बिलावरच छापलेला असतो, तो बघून हिशोब मांडा. आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते: मागची बाकी पूर्ण भरलेली नसेल तर कार्डावरच्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून बाकी संपेपर्यंत ते कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा आणि खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा नंबर काढून टाका.

कर्जाचा कागद

एका रविवारी घरातली मोठी माणसं एकत्र बसा. प्रत्येक कर्जासाठी एक ओळ: कुणाचं, किती बाकी, हप्ता किती, व्याजदर किती, शेवटचा हप्ता कधी, मुदतीआधी भरलं तर दंड आहे का. आमच्या कागदावर चार ओळी आल्या. कार्ड १,२०,०००. वैयक्तिक कर्ज १,८५,०००, पंधरा टक्क्यांनी. पतसंस्थेचे ४०,०००. आणि दिराकडून घेतलेले हातउसने २५,०००, ज्यावर व्याज नव्हतं, पण दिवाळीला भेटताना नजर चुकवावी लागायची. वाण्याची उधारी, 'नंतर पैसे द्या' म्हणणाऱ्या ॲपवरची बाकी, ऑफिसातून उचललेला ॲडव्हान्स, हेही लिहायचंच.

एखादं कर्ज विसरलं गेलंय का ते पाहायला पतअहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची आणि परतफेडीची नोंद, काढा. तो देणाऱ्या सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत, आणि २०१७ पासून प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दर तीन महिन्यांनी एकीकडून मागितला तर वर्षभर नजर राहते आणि पैसाही लागत नाही.

मागचे तीन महिने उलगडून बघा

'आजपासून प्रत्येक खर्च लिहून ठेवा' असा सल्ला सगळे देतात. मी तो तीनदा सुरू केला आणि तीनदा चौथ्या-पाचव्या दिवशी सोडला. शिवाय लिहितोय म्हणून माणूस तेवढे दिवस शहाण्यासारखा वागतो, खरं चित्र दिसत नाही. त्यापेक्षा मागच्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा. खरं काय ते तिथे आधीच लिहिलेलं आहे.

आम्ही छापून घेतलं आणि मुलाच्या कंपासपेटीतली तीन रंगांची पेनं घेऊन बसलो. टाळता न येणारं निळं, कमी करता येण्यासारखं हिरवं, कशाला झालं तेच आठवत नाही ते लाल. पहिल्या महिन्यात यूपीआयच्या दोनशे रुपयांखालच्या शहाण्णव नोंदी निघाल्या. चहा, वडापाव, रिक्षा, रिचार्ज, मुलाच्या प्रोजेक्टचे कार्डशीट, परत चहा. प्रत्येक नोंद अगदी साधी, कुणाला बोट दाखवावं अशी एकही नाही. बेरीज मात्र आमच्या वैयक्तिक कर्जाच्या हप्त्याच्या जवळ गेली होती. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ह्यातले निम्मे माझे आहेत." मी म्हटलं, "निम्मे माझे." त्यानंतर घरात या विषयावर भांडण झालं नाही. तुमच्याकडेही हे काम एकट्याने करून दुसऱ्याला दाखवू नका, दोघांनी मिळूनच करा.

कापायला बसण्याआधी, हात न लावायच्या गोष्टी ठरवून टाका. आरोग्य विमा आणि मुदतीचा आयुर्विमा बंद करू नका. कर्ज असताना तर त्यांची गरज जास्तच असते, आणि वैयक्तिक पॉलिसींच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. सासूबाईंच्या गोळ्या, मुलाचं दूध-फळ यांना हात नाही. आणि घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार कापायचा नाही. आमचं कर्ज त्यांच्या ताटातून फेडायचं, हे मला कधीच पटणार नाही. त्यांना सोडायची वेळ आलीच तर महिनाभर आधी सांगा आणि त्यांना दुसरं घर मिळवून द्या.

स्वयंपाकघर

सगळ्यात जास्त पैसे इथे सुटतात, पण बहुतेक जण शोधतात तिथे नाही. तयार पिठाऐवजी गहू आणून गिरणीतून दळून आणले तर किलोमागे थोडेच रुपये वाचतात. ते जरूर करा, चपातीलाही फरक पडतो. पण आमचं खरं भगदाड संध्याकाळी साडेसातचं होतं. ठाण्याहून गर्दीच्या लोकलमधून उभ्याने येऊन घरात पाऊल टाकायचं, पोळ्या लाटायची ताकद नसायची आणि हात फोनकडे जायचा. महिन्याला ३,९०० रुपये असे जायचे.

हे 'आता मन घट्ट करायचं' म्हणून थांबत नाही. थकलेल्या दिवसाचं जेवण आधीच तयार असावं लागतं. आमची पद्धत अशी: रविवारी मटकी, मूग किंवा चवळी अर्धा-अर्धा किलो भिजवायची, मोड आणून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायची. चार-पाच बटाटे उकडून ठेवायचे. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, डाळीचं पीठ घरात कधी संपू द्यायचं नाही. पिठलं-भात वीस मिनिटांत होतो, कुकरला मऊ भात लावून मेतकूट-तूप घातलं तर त्याहून कमी वेळात. आणि पोळ्यांसाठी सरळ पोळी-भाजी केंद्रात जायचं. डोंबिवलीत ती पावलोपावली आहेत. दहा पोळ्या विकत आणून घरच्या उसळीबरोबर खाल्ल्या, तर चौघांच्या मागवलेल्या जेवणाच्या तुलनेत अगदी थोडा खर्च होतो. विकतच्या पोळ्या म्हणजे उधळपट्टी असं काही जणींना वाटतं. मला तसं वाटत नाही, त्या पोळ्यांनी आमचे महिन्याला २,६०० वाचवले. उरलेले १,३०० आम्ही मुद्दाम ठेवले. महिन्यातून दोनदा बाहेरचं खायचं, ठरवून आणि मजेत. सगळंच बंद केलं तर दीड महिन्यात घर बंड करून उठतं.

आता सामान. यादी करण्याआधी दहा दिवस 'डबे रिकामे करायचा' काळ घ्या. फ्रिज, फडताळ, माळा, सगळं बघा. आमच्याकडे तीन अर्धवट पोह्यांच्या पिशव्या, किलोभर कुळीथ, दोन वर्षांपूर्वीचा शेवयांचा पुडा आणि मसाल्याच्या सहा पुड्या निघाल्या. त्या दहा दिवसांत भाजी आणि दूध सोडून काही आणलं नाही. कुळथाचं पिठलं मुलाने पहिल्यांदा खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागितलं.

त्यानंतर यादी डब्यासमोर उभं राहून करायची, आठवणीने नाही. किती उरलंय ते बघून किती आणायचं ते वजनासकट लिहायचं. तेलाचा डबा किंवा पिशवी फोडली की तारीख लिहा, गॅस सिलिंडर लावला की तारीख लिहा. तीन महिन्यांत तुमच्या घराची खरी गरज कळते. आमची साखर चार किलोंवरून अडीचवर आली ती कुणी कमी खाल्ली म्हणून नाही, दर महिन्याला सवयीने चार किलो लिहिली जात होती म्हणून.

उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरायची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. एप्रिल-मे मध्ये नवे गहू, तूरडाळ, मिरची येते आणि भाव त्यातल्या त्यात बरा असतो. पण कर्ज असताना ते कार्डावर किंवा उधारीवर भरू नका. साडेतीन टक्के महिना व्याजापुढे धान्यातली बचत टिकत नाही. पैसे हातात असतील तेवढंच, दोन-तीन महिन्यांचं घ्या. कडक उन्हात वाळवा, डाळीला एरंडेल चोळा, गव्हात कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला. किडीने धान्य गेलं तर सगळाच खेळ संपतो.

मुंबई-ठाण्याच्या भागात राहत असाल तर मुंबई ग्राहक पंचायतीची चौकशी करा. १९७५ पासून ही संस्था सभासद कुटुंबांचे गट करून महिन्याचं वाणसामान एकत्र खरेदी करून वाटते. सगळ्यांनी यादी आधी द्यायची, सामान गटातल्या एकाच्या घरी येतं आणि तिथून सगळे आपापलं नेतात. भावातला फायदा आहेच, पण मला यातला मोठा गुण वेगळा वाटतो: महिनाभर आधी यादी द्यायची म्हटल्यावर दुकानातल्या मांडणीला भुलायची संधीच मिळत नाही. असा गट सोसायटीतल्या सात-आठ कुटुंबांना स्वतःही करता येतो. एकाने घाऊक बाजारातून तांदळाचं, तुरीचं पोतं आणायचं आणि वाटून घ्यायचं.

भाजी आठवड्यातून दोनदा, बाजारात पायी जाऊन, मोजके रोख पैसे घेऊन. बाजार उठायच्या वेळी पालेभाजी स्वस्त मिळते, पण ती त्याच रात्री निवडून ठेवायची तयारी असेल तरच आणा. चौथ्या दिवशी कचऱ्यात गेलेली मेथी कितीही स्वस्त घेतली तरी महागच. दही घरी लावा. दूध तापवून साय साठवली तर महिन्याला तुपाची निदान एक बरणी विकत आणावी लागत नाही. दहा मिनिटांत घरपोच सामान देणारी ॲप्स आम्ही दोघांनीही काढून टाकली. कोथिंबीर मागवायला जायचं आणि पोचवण्याचा आकार परवडावा म्हणून तीनशेचं सामान घ्यायचं, असं आठवड्यातून तीनदा होत होतं. वाणसामान, भाजी आणि गॅस मिळून १,४०० रुपये सुटले.

गॅसचं थोडक्यात: डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, कुकरमध्ये एकावर एक भांडी लावा, ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जाऊ देऊ नका. ज्योत पिवळी दिसायला लागली तर बर्नरची भोकं बुजलीत, ती साफ करून घ्या.

वीज

महावितरणच्या घरगुती बिलात १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात, आणि प्रत्येक टप्प्याचा दर वेगळा. ३०० च्या वर गेलं की सगळंच बिल वरच्या दराने येतं असा गैरसमज आहे. वरचे युनिटच वरच्या दराने लागतात. याचा अर्थ, तुम्ही वाचवलेला प्रत्येक युनिट तुमचा सगळ्यात महाग युनिट असतो. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे) आणि कर धरून तुम्हाला तो कितीला पडतो, ते बिलावर बघा.

जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. दिवसाला चौदा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला एकोणीस युनिट वाचतात. आम्ही दोन पंखे बदलले, म्हणजे अडतीस युनिट. युनिट बारा रुपयांना धरला तर महिन्याला ४५० च्या वर. दोन पंख्यांना ५,६०० रुपये गेले. तेच पैसे कार्डात भरले असते तर वर्षाला साधारण २,८०० रुपये व्याज वाचलं असतं. थंडीचे दोन महिने सोडले तरी पंख्यांनी साडेचार हजार वाचवले. कर्ज असताना नवीन वस्तू घ्यायची की नाही, हे असं दोन आकडे शेजारी मांडून ठरवायचं. आणि घ्यायची तर रोखीने. आमचे ५,६०० माळ्यावरच्या सामानातून आले: मुलाची लहान झालेली सायकल, जुना फोन, एक न वापरलेलं ज्युसर आणि रद्दी.

एसी असेल तर २४ च्या खाली नेऊ नका. एक अंश वर ठेवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. गिझर आंघोळीआधी लावा, रात्रभर नको. बिल कागदावर न घेता ईमेलवर घेतलं तर महावितरण थोडी सूट देतं. फार नाही, पण एकदाच करायचं काम आहे.

भराभर करून टाकायच्या गोष्टी

यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' नावाची जागा असते. तिथे जाऊन बघा, दर महिन्याला कोण कोण परस्पर पैसे घेतं. फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं नसतं, ती वेगळी रद्द करावी लागते. आमची दोन ओटीटी, एक फोटो साठवायची जागा आणि नवऱ्याची जानेवारीत घेतलेली जिमची वर्गणी थांबली: ८८० रुपये.

रिक्षा: स्टेशन ते घर स्वतंत्र रिक्षाऐवजी शेअर रिक्षा, आणि येताना पायी. १,०५० रुपये. लोकलचा पास तीन महिन्यांचा काढा, तो एका महिन्याच्या पासाच्या २.७ पट किमतीला मिळतो. गावी जायला एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरीपुढे मोफत. चौघांनी खासगी गाडी करून जाण्याआधी हा हिशोब करून बघा.

औषधं: सासूबाईंच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांना महिन्याला ९४० लागायचे. पंतप्रधान भारतीय जनऔषधी केंद्रातून तेच घटक, तेवढ्याच मिलिग्रॅमचे, ३२० ना मिळायला लागले. आधी डॉक्टरांना चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा आणि केंद्रात पाकिटावरचं नाव आणि प्रमाण ताडून घ्या. थायरॉइड किंवा फिटच्या औषधांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय कंपनी बदलू नका. ६२० रुपये वाचले.

सणवार, आहेर आणि जूनची फी

आमच्या कर्जाचं मूळ रोजच्या खर्चात नव्हतंच, हे मला कार्डाची जुनी बिलं चाळताना कळलं. बाकीचा आलेख चार ठिकाणी उडी मारत होता: जून, गणपती, दिवाळी आणि लग्नसराई. दरवर्षी याच तारखांना येणारा खर्च दरवर्षी 'अचानक' आल्यासारखा कार्डावर जात होता.

म्हणून वर्षाचा कागद करा. शाळेची फी आणि वह्यापुस्तकं, गणपती, दिवाळीचे कपडे आणि फराळ, विम्याचे हप्ते, स्कूटरचा विमा, गावच्या जत्रेचा प्रवास, आहेर. आमची बेरीज ६६,००० आली. एकेका ओळीवर बोलून ती ४२,००० वर आणली. सातवी-आठवीची पुस्तकं वरच्या वर्गातल्या मुलाकडून घेतली. गणपतीची मूर्ती लहान शाडूची, मखर मुलाने पुठ्ठ्याचं केलं. फराळ घरी, दोन जावांनी मिळून एकाच घरात, एकाच तेलात. सगळ्यांना नवे कपडे याऐवजी मुलाला आणि सासूबाईंना.

आहेराचं सगळ्यात अवघड गेलं. चुलत दिराच्या मुलाचं लग्न होतं, आणि त्या घरून आमच्याकडे मोठा आहेर झालेला होता. तीन रात्री मी मनात हिशोब करत पडले होते. शेवटी जावेला फोन केला. "वहिनी, यंदा आहेराचं नाही हो जमणार. हप्ते आहेत डोक्यावर. पण हळदीच्या आदल्या दिवसापासून मी तुमच्याकडे आहे, काय लागेल ते सांगा." पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "अगं, माणसंच कमी पडतायत. तू ये लवकर." मी पाकिटात ५०१ घातले आणि तीन दिवस रुखवतापासून पंगतीपर्यंत राबले. कुणी काही बोललं असेल तर माझ्या कानावर आलेलं नाही. त्यानंतर आणखी दोन नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, की आम्हालाही असंच सांगायचंय, कसं सांगितलंत?

या ४२,००० साठी दुसऱ्या बँकेत एक साधं खातं ठेवा, एटीएम कार्डाशिवाय. आमचा दिवाळीचा बोनस ३०,००० असतो, तो सगळा तिथे जातो. उरलेल्या १२,००० साठी महिन्याला एक हजार.

पैसे हलवणं

वरचे आकडे जोडलेत तर २,६००, १,४००, ४५०, ८८०, १,०५० आणि ६२० मिळून सात हजार होतात. एक हजार वर्षाच्या खात्यात, सहा हजार कार्डात.

पहिल्या महिन्यात अंदाजाने वाचेल तेवढी रक्कम पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कर्जात भरा. महिनाअखेरीस काय उरतं ते बघून भरू असं ठरवलं, तर उरत नाही. बँकेत कायमची सूचना देऊन ठेवा म्हणजे दर महिन्याला हात थरथरायचा प्रश्न नाही. शिवाय मधेच जे सुटेल ते त्याच दिवशी. बाहेरचं मागवायचं ठरलं होतं आणि पिठलं केलं, तर ताटं उचलायच्या आधी चारशे रुपये कार्डात. कार्डाच्या बाकीत कधीही, कितीही रक्कम भरता येते आणि व्याज रोजच्या बाकीवर मोजलं जात असल्याने लवकर भरलेल्याचा फायदा मिळतोच. आमच्या मुलाला हे फार आवडलं. तो रात्री विचारायचा, "आज किती मारले?"

आधी कुठलं कर्ज? सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून, वरची रक्कम सगळ्यात जास्त व्याजाच्या कर्जात. काही जण लहान कर्ज आधी संपवायला सांगतात, म्हणजे हुरूप येतो. दोन कर्जांच्या व्याजात थोडाच फरक असेल तर तसं करा. कार्ड आणि पतसंस्था यांच्यात मात्र तिपटीचा फरक होता, तिथे हुरुपापेक्षा व्याज बघावं. दिराला आम्ही समोर बसून सांगितलं, की कार्ड फिटल्यावर तुमचे देतो, अमुक महिन्यापासून. त्यानंतर नजर चुकवावी लागली नाही.

तुमच्याकडे स्वतःची मुदत ठेव असेल तर तीही बघा. ५०,००० वर सात टक्क्यांनी वर्षाला ३,५०० मिळतात. तेवढ्याच बाकीवर कार्ड जीएसटीसकट जवळपास पंचवीस हजार घेतं. दोन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे हाताशी ठेवून बाकीची ठेव मोडणंच शहाणपणाचं. कार्डाची बाकी हप्त्यांत बदलून देण्याची सोय बँका देतात, दर कार्डाच्या व्याजापेक्षा बराच कमी असतो. विचारा, पण प्रक्रिया शुल्क धरून हिशोब करा.

घरकर्ज बदलत्या व्याजदराचं आणि वैयक्तिक नावावर असेल तर मुदतीआधी रक्कम भरायला दंड नाही. भरताना हप्ता तोच ठेवून मुदत कमी करायला सांगा. वैयक्तिक कर्जावर दंड असू शकतो, करारपत्र वाचा. आणि जास्तीची रक्कम 'मुद्दलात जमा करावी' असं लेखी द्या, नाहीतर ती पुढच्या हप्त्यासाठी म्हणून नुसती पडून राहू शकते.

एखादा महिना फसतो. आमचा तिसरा महिना फसला, सासूबाई पडल्या आणि एक्स-रे, प्लास्टर, औषधं यांत साडेचार हजार गेले. त्या महिन्यात कार्डात जास्तीचे दीडच हजार भरले. तेवढे भरले हे महत्त्वाचं, सूचना रद्द केली नाही.

फोन येतात तेव्हा

हप्ता चुकला तर घाबरून फोन बंद करू नका, स्वतःहून कळवा. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत, असं रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावलंय. आम्हाला एका वित्तसंस्थेकडून रात्री साडेनऊला फोन यायचे, सासूबाई उचलायच्या आणि रात्रभर जाग्या राहायच्या. तारीख-वेळ लिहून संस्थेला लेखी तक्रार केली आणि ते थांबले. नसते थांबले आणि तीस दिवसांत उत्तर आलं नसतं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

एक कर्ज फेडायला फोनवरच्या ॲपवरून दुसरं घेऊ नका. नियमाप्रमाणे पैसे कर्ज देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात यायला हवेत आणि सगळ्या अटींचा एक कागद आधी मिळायला हवा. तुमचे फोनमधले नंबर आणि फोटो मागणारं ॲप उघडूच नका. खासगी सावकार असेल तर महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे त्याच्याकडे परवाना लागतो. नसेल आणि तो दागिने, जमीन किंवा धमकीवर आला असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा.

पहिलं कर्ज फिटतं त्या महिन्यात

आमचं कार्ड चौदाव्या महिन्यात शून्यावर आलं. त्या दिवशी तीन कामं करायची असतात. एक, कार्डाला जाणारे १२,००० पुढच्या महिन्यात त्याच तारखेला पुढच्या कर्जात वळवायचे. एक महिना जरी मोकळा सोडला तरी खर्च तेवढे पाय पसरतो. आमच्याकडे आता ते दिराला आणि पतसंस्थेला जातात, त्यानंतर वैयक्तिक कर्जात. दोन, बाकी नसल्याचं पत्र लेखी मागायचं. कार्ड बंद करायचं असेल तर अर्ज करा. बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद करणं बँकेला बंधनकारक आहे, आणि उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. घरकर्ज फिटलं असेल तर मूळ कागदपत्रं तीस दिवसांत परत मिळायला हवीत, तिथे उशिराचे दिवसाला ५,००० आहेत. तीन, दोन महिन्यांनी पतअहवाल काढून ते खातं 'बंद' असं दिसतंय का ते बघायचं. आमच्या अहवालात ते चालू दिसत होतं. बाकी नसल्याचं पत्र जोडून दुरुस्तीचा अर्ज केला, आणि पुढच्या महिन्यात नोंद सुधारली.